पाट सरकवायची सोय

15 सप्टेंबर 2023, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. गणपतीला चार दिवस उरले होते. माळ्यावरून उतरवलेली मखराची फळी दिवाणखान्यात आडवी पडली होती आणि मी तिच्यावरच लॅपटॉप मांडून बसले होते. बाजूला दोन फोन. एकावर न्यू जर्सीहून नणंद, तिकडे पहाटेचे सहा वाजायला दहा कमी, आवाज अजून उशीतून येणारा. दुसऱ्यावर पुण्याहून दीर, ऑफिसच्या जिन्यात उभं राहून कुजबुजत. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि जरा वेळ ऐकत उभ्या राहिल्या.

"कसलं तिकीट काढताय?"

"तिकीट नाही आई, जेवायला बसायची जागा धरतोय. फ्लोरिडात."

"कधीची?"

"दोन महिन्यांनंतरची."

त्यांनी कप फळीवर ठेवला. "दोन महिन्यांनी दुपारी पाऊणला आपल्याला भूक लागणार, हे त्यांना आत्ताच कळवायचं?"

हो, आत्ताच. डिस्ने वर्ल्डमध्ये टेबलावर बसून जेवायचं असेल तर त्याचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तिथल्या सकाळी सहा वाजता. त्यांच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना एक सवलत असते: आपण पोचायच्या दिवसाच्या साठ दिवस आधी ॲप उघडलं की पुढच्या दहा दिवसांपर्यंतच्या मुक्कामाची सगळी टेबलं एका बैठकीत धरता येतात. आम्ही 14 नोव्हेंबरला पोचणार होतो, म्हणून 15 सप्टेंबर. तिथले सहा म्हणजे उन्हाळी घड्याळाप्रमाणे आपले दुपारचे साडेतीन. नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ एक तास मागे गेलं की साडेचार. बडोद्यात बसून हे करणाऱ्याचं नशीब थोर म्हणायचं. अमेरिकेतली माणसं गजर लावून उठतात, आपण चहाच्या वेळेला उठून बसतो.

बारा माणसं होतो. आम्ही बडोद्याचे सहा: सासूबाई, आत्याबाई, हे, मी आणि दोन मुलं. नणंदेकडचे चौघं. पुण्याचे दीर आणि जाऊबाई. सहलीचं खरं कारण मिकी माऊस नव्हताच. नऊ वर्षं नणंदेची भाऊबीज फोनवर चालली होती. या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज 15 नोव्हेंबरला येत होती, मुलांच्या शाळांना बऱ्यापैकी सुट्ट्या होत्या, आणि न्यू जर्सीच्या थंडीत सासूबाईंना नेण्यापेक्षा सगळ्यांनी फ्लोरिडात जमावं असं ठरलं. ठरलं म्हणजे नणंदेनं ठरवलं. जेवणाचं काम माझ्या अंगावर कसं आलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा मी पहिल्यांदा "पण जेवायचं काय?" असं विचारलं असेल. आमच्या घरात जो प्रश्न विचारतो त्यालाच उत्तर शोधायला बसवतात.

बारा माणसांचं आरक्षण करणं अवघड नाही, बारा माणसांकडून 'हो' मिळवणं अवघड आहे. मी व्हॉट्सॲपवर यादी टाकली: चार दिवस, चार जागा, प्रत्येकाने सांगा. उत्तरं आली ती अशी. "बघू." "तू ठरव." "काहीही चालेल." मुलीनं एक अंगठा टाकला, तो कशाला होता कोण जाणे. आमच्या ह्यांनी लिहिलं, "मला कुठलंही फावेल," आणि त्यावर पुण्याच्या जाऊबाईंनी हसून हसून लोळणारी चार तोंडं पाठवली. आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना फावणं म्हणजे जमणं, सोयीचं पडणं. तीन पिढ्यांची गुजराती शेजारणींची देणगी. पुण्यात फावतं ते फक्त लबाड माणसाला.

त्यातल्या त्यात 'काहीही चालेल' हे उत्तर सगळ्यात घातक. ज्याला खरोखर काहीही चालतं तो तसं सांगत बसत नाही, समोर येईल ते जेवतो. जो सांगतो, तो टेबलावर बसल्यावर मेनू मागून पुढून वाचतो आणि म्हणतो, "साधं काही नाही का?"

शेवटी मी ग्रुप सोडून एकेकाला फोन केले. "काय आवडेल" असं विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच: किती वाजता भूक लागते, काय अजिबात खात नाही, आणि किती वेळ एका जागी बसू शकता. त्यातून जे कळलं ते दहा-पंधरा वर्षं एका ताटाला बसूनही मला ठाऊक नव्हतं. जाऊबाईंना मोठ्या आवाजाच्या हॉलमध्ये जेवणच जात नाही, त्या लग्नात म्हणून बाहेर जाऊन बसतात. मला वाटायचं, त्यांना आमच्याकडची लग्नं आवडत नाहीत. नणंदेचा मोठा मुलगा गेलं वर्षभर अंडंही खात नव्हता आणि हे त्यानं घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं, आईला वाईट वाटेल म्हणून. सासूबाईंना गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात जेवायलाच लागतं, ते मला माहीत होतं. पण एरवी त्या आमच्यासाठी थांबतात आणि देवघरात जाऊन गुपचूप खडीसाखर तोंडात टाकतात, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आणि आत्याबाई! त्यांचा चातुर्मास. कार्तिकी एकादशी 23 नोव्हेंबरला, म्हणजे आमची सगळी सहल चातुर्मासात. कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. "माझं सोड गं, मी दहीभात खाईन," त्या म्हणाल्या. जणू फ्लोरिडात दहीभात कोपऱ्यावर मिळतो.

हे सगळं मी एका वहीत लिहून काढलं. सासूबाईंनी ती वही पाहिली आणि वरचा '12' हा आकडा पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"जेवणारी माणसं अशी मोजू नयेत."

"मग काय मोजायचं?"

"पाट."

त्यांचं माहेर बडोद्याच्याच दांडिया बाजारातल्या वाड्यातलं. त्यांच्या लहानपणी तिथं गणपतीत प्रसादाची पंगत बसायची ती चौकात, मग ओसरीवर, मग जिन्याच्या पायऱ्यांवर. किती माणसं येणार हे कुणी विचारायचंच नाही. पाट मांडायचे, वर दोन जास्तीचे ठेवायचे. तेही भरले तर सगळ्यांनी एकेक वीत सरकायचं. भात कमी पडतोय असं दिसलं तर आतून वाढप्याला खूण व्हायची आणि ताकाचा मठ्ठा एक फेरी लवकर निघायचा. हे ऐकायला फार छान वाटतं. त्या पंगतीत शेवटी कोण बसायचं आणि त्यांच्या पानात काय उरलेलं असायचं, हेही सासूबाईंनीच मला एकदा सांगितलेलं आहे, म्हणून मी त्या वाड्याच्या आठवणींनी फार विरघळत नाही. चार वेळा खाली बसायला निघून पाचव्यांदा वाढायला उठलेली बाई आरक्षणाच्या टेबलाला नावं ठेवणार नाही.

तर साडेतीन वाजले.

मी बारा जणांचं टेबल शोधलं. काही नाही. पुन्हा शोधलं. काही नाही. हे नणंदेनं आधीच सांगितलं होतं: मोठी टेबलं मुळात मोजकी, म्हणून मोठ्या गटानं तुकडे करून शोधावं. मग ठरल्याप्रमाणे तिनं तिच्या फोनवरून सहा जणांचं शोधलं आणि मी माझ्याकडून सहा जणांचं. जागा 'सनाआ'. ॲनिमल किंगडम लॉज नावाच्या हॉटेलाच्या किदानी व्हिलेज या भागात, खिडक्यांबाहेर सव्हाना, तिथे जिराफ आणि झेब्रे चरतात. जेवण आफ्रिकी वळणाचं पण भारतीय मसाल्यांचं, आणि मुख्य म्हणजे तिथं पाच तऱ्हेच्या रोट्या आणि त्यासोबत नऊ चटण्या-लोणच्यांचं एक ताट मिळतं. नान, कुलचा, पनीर पराठा. त्या नवात कोशिंबीर निघते, आंब्याची चटणी निघते, चिंचेची निघते. आत्याबाईंचा प्रश्न सुटला होता. नणंदेला 12:40 मिळालं, मला 12:55. दिरांनी कुजबुजत विचारलं, "मी काय करू?" मी म्हटलं, तुम्ही फोन धरून राहा. त्यांनी बिचाऱ्यांनी पंधरा मिनिटं फोन धरला.

दुपारचंच का, तर नोव्हेंबरात तिथं साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्रीचं टेबल घेऊन जिराफाची वाट बघत बसलं तर काचेत स्वतःचंच तोंड दिसायचं.

बाकीच्या जागा मी भराभर आटोपल्या. चार दिवसांत चारच बैठी जेवणं, त्याहून जास्त घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. डिस्ने वर्ल्ड पसरलंय शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि एका बागेतून दुसरीकडच्या हॉटेलात जेवायला जायचं तर वाटेतला तासभर धरावाच लागतो. रोज दोन टेबलं धरणाऱ्याची सहल टेबलाकडून टेबलाकडे धावण्यात जाते. उरलेल्या वेळी काउंटरवरचं खाणं आहेच, ते ॲपवरून मागवायचं आणि आपण ठरवलेल्या वेळेला उचलायचं. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना सांगितली की त्यांचा चेहरा उजळतो: बागेत घरचं खाणं नेता येतं. काचेची बरणी नको, गरम करायला लागेल असं काही नको, बस. नणंदेनं न्यू जर्सीतून साठ थेपले करून आणले होते. बडोद्याजवळच्या आजव्याला सहलीला निघालो की जो स्टीलचा डबा निघतो, तोच डबा मॅजिक किंगडम या बागेच्या दारात पिशव्या तपासणाऱ्या मुलीनं उघडला, वास घेतला, आणि मान डोलावून बंद केला.

आरक्षण मोडायचं तर बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत मोडता येतं. नाही मोडलं आणि गेलोही नाही, तर माणशी दहा डॉलर. बारा माणसांचे एकशेवीस. हा हिशेब मी वहीत तांबड्या शाईनं लिहिला होता, आणि सहलीभर सकाळी प्रत्येकाला तो सांगायची. आत्याबाई त्याला 'दंडाचा श्लोक' म्हणायच्या. याच नियमाची दुसरी बाजू अशी की लोक आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी टेबलं सोडतात. जे साठ दिवस आधी मिळालं नाही ते आदल्या रात्री साडेदहाला अचानक दिसतं. मी दोन रात्री अशाच पलंगावर बसून काढल्या. हे म्हणाले, "तू शेअर बाजारात असायला हवी होतीस."

आता माझी चूक सांगते. तिथं तीन ते नऊ वर्षांचं मूल म्हणजे मूल, दहा पूर्ण झाली की मोठ्याचा दर. माझा मुलगा 17 तारखेला दहा वर्षांचा होणार होता आणि त्याच दिवशीचा नाश्ता मी शेफ मिकीजमध्ये धरला होता. ते आहे कंटेम्पररी नावाच्या हॉटेलात, जिथं मोनोरेल सरळ इमारतीच्या पोटातून जाते. वाढदिवसाचा नाश्ता म्हणून धरला, आणि वहीत त्याच्या नावापुढे मात्र लहान मुलाचा दर. ऑगस्टात तो नऊ वर्षांचा होता, मी त्याच हिशेबात राहिले. दारात गेलो तर त्याच्या छातीवर 'हॅपी बर्थडे'चा मोठा गोल बिल्ला. तो तिथं फुकट मिळतो आणि त्यानं आदल्या संध्याकाळीच मिळवला होता. दारातल्या मुलीनं विचारलं, किती मुलं? मी "तीन" म्हणायला तोंड उघडलं आणि तो पुढे होऊन म्हणाला, "आय ॲम टेन टुडे." त्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. मी पाकीट काढलं. गंमत म्हणजे मोठ्याचा दर लागला म्हणून त्यानं हट्टानं मोठ्यासारखं खाल्लं, आणि दुपारभर पोटाला हात लावून बाकावर बसला.

पण मला सांगायचंय ते भाऊबीजेचं.

भाऊबीजेच्या आदल्या रात्री, म्हणजे आम्ही पोचलो त्याच रात्री, नणंद म्हणाली, "अगं, आमचे शेजारी पण आलेत इकडे. तिघंच आहेत. मी त्यांना उद्या जेवायला या म्हटलंय."

मी बघतच राहिले. साठ दिवस. तीन फोन. तांबडी शाई.

"सहाच्या टेबलावर सात बसत नाहीत ताई," मी म्हटलं.

सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "येऊ दे की. पाट सरकवू."

"आई, तिथं पाट नसतात!"

हे मी जरा मोठ्यानं बोलले. मग कुणीच काही बोललं नाही. जाऊबाई उठून दात घासायला गेल्या.

रात्रभर ॲप पाहिलं. तिघांचं टेबल दिसलं नाही. सकाळी आम्ही ॲनिमल किंगडमची बाग केली, कारण तिथून किदानीची बस जवळची पडते; हे मात्र मी दोन महिन्यांपूर्वीच आखलेलं होतं आणि त्याबद्दल मला अजून कुणी शाबासकी दिलेली नाही. साडेबाराला सगळे हजर. पंधरा मिनिटांपलीकडे उशीर झाला तर टेबल जातं या धाकानं मी सगळ्यांना पळवलं होतं, आत्याबाई धापा टाकत होत्या. शेजारी तिघं तिथं आधीच उभे, ओशाळलेले. चांगली माणसं होती. त्यांच्या मुलीनं सासूबाईंना वाकून नमस्कार केला. मी त्यांचं नाव आयत्या वेळच्या यादीत घातलं. ही यादी ॲपमध्येच असते, आरक्षण नसलेल्यांसाठी. टेबल रिकामं झालं की निरोप येतो. आला तर.

आम्हाला दोन टेबलं मिळाली, मध्ये एक खांब. दोन्ही आतल्या बाजूची. खिडकीपर्यंत नजर जायची, पण जिराफ दिसायचा तो कुणाच्या तरी डोक्यावरून, मानेपासून वर. सहा-सहाची वाटणी मी वहीत करून ठेवली होती: दोन्ही भाऊ दोन टेबलांवर, म्हणजे कुणाला कमी-जास्त वाटू नये. औक्षणासाठी नणंदेनं छोटा बॅटरीचा दिवा आणला होता. ज्योत पेटवू देतात की नाही हे विचारायच्या भानगडीत आम्ही पडलोच नाही. चांदीचं तबक, कुंकवाची कोयरी, सुपारी, तिची स्वतःची अंगठी. आधी ह्यांना ओवाळलं. वाढणारी बाई रोट्यांचं ताट घेऊन आली ती तबक पाहून जागच्या जागी थांबली, ताट दोन्ही हातांवर तोललेलं, नऊ वाट्या. नणंदेचे डोळे भरले होते आणि तिला अक्षता टाकताना हसूही येत होतं. मग ती खांबाला वळसा घालून धाकट्याकडे गेली. ती बाई तिच्यामागून ताट घेऊन तशीच दोन पावलं गेली, मग भानावर येऊन परत आली.

तेवढ्यात शेजाऱ्यांना टेबल मिळालं. चाळीस मिनिटांत. आणि कुठलं, तर अगदी खिडकीला चिकटून. जिराफ त्यांच्या काचेपासून दगड फेकला तर लागेल इतक्या अंतरावर, मान खाली घालून, अख्खा. आमच्या मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिंचेच्या चटणीकडे पाहिलं.

आत्याबाईंनी सगळ्या वाट्यांचा एकेक थेंब वास घेऊन तपासला, लसणाचं लोणचं लांब सरकवलं आणि नान, आंब्याची चटणी, कोशिंबीर अशी जेवणाची मांडणी केली. "दहीभातापेक्षा बरं आहे," एवढंच म्हणाल्या. बिल आलं तर त्यात अठरा टक्के टिप आधीच धरलेली होती. सहा किंवा जास्त माणसं असली की तसं करतात. मी माझ्या टेबलावर ओळ वाचली. खांबापलीकडे दिरांनी वाचली नाही, आणि वर पुन्हा टिप लिहिली. चौदा हजार किलोमीटर दूर येऊन पुणेकरानं दोनदा टिप दिली ही गोष्ट जाऊबाईंना मी अजून सांगितलेली नाही. आता हे वाचून कळेल.

बिलाआधीचं एक राहिलंच. दुसरं रोट्यांचं ताट आलं तेव्हा सासूबाई उठल्या. मला वाटलं, हात धुवायला. त्यांनी दोन कुलचे आणि एक पराठा एका बशीत घेतला, वर चटणीची वाटी ठेवली, पदर खोचला आणि निघाल्या. टेबलांमधून, लोकांच्या पाठीमागून, खिडकीकडे. वाढणारी बाई "मॅम? मॅम?" करत मागून. सासूबाईंनी त्या तिघांच्या पानात एकेक वाढलं, मुलीला आग्रह करून अर्धा जास्तीचा दिला, आणि तिची आई उठून "तुम्ही बसा ना" म्हणाली तशी तिच्या खुर्चीवर टेकल्या, जिराफाकडे तोंड करून. दहा मिनिटं त्या आल्या नाहीत. मग आमचा धाकटा गेला. मग नणंदेच्या मुली. मी वळून मोजायला लागले आणि थांबले.